देणाऱ्याला हिशेब हवा
(मोडनिंब येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत गाळप हंगामाची बैठक झाली. कारखान्यात येणाऱ्या उसामागे टनाला पंधरा रुपये घ्यायचे, असं तीत ठरलं. दहा रुपये मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आणि पाच पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी. बातमी आली आणि ऊसपट्ट्यात संताप उसळला. शेतकऱ्याच्या पैशातूनच शेतकऱ्याला मदत करणार का, असा सवाल चावडी-चावडीवर विचारला गेला. मग मुख्यमंत्र्यांनी खुलासा केला, की ही रक्कम एफआरपीतून, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या उसाच्या रास्त दरातून नाही, कारखान्यांच्या नफ्यातून घ्यायची आहे.

ज्यांनी हा संताप केला तीच माणसं त्या दिवसांत काय करत होती, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. सीना पात्र सोडून वाहत होती. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर या तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात होती. सीनेच्या पाण्यामुळे पुणे-सोलापूर महामार्ग लांबोटीजवळ बंद पडला होता. आणि ज्यांच्या रानात पाणी नव्हतं ते ट्रॉलीत वैरण भरून निघाले होते. बाया भाकरी थापत होत्या. तरुण मंडळांची पोरं गणपतीची वर्गणी बाजूला ठेवून पाण्याच्या बाटल्या, ताडपत्र्या, औषधं गोळा करत होती. ट्रॉलीभर वैरण देणाऱ्याने टनाचे पंधरा रुपये मोजले नाहीत. त्याला पैशाचा मोह होता असं कुणी म्हणू नये. पंधरा रुपये त्याच्या वैरणीपुढे काहीच नव्हते.

मग अडलं कुठं? आजचा माझा विषय हाच आहे. सरकारवरचा विश्वास आणि माणसाचं देणं, यांचं एकमेकांशी काय नातं आहे?

आपल्याकडे याविषयी दोन मतं सहज ऐकू येतात. एक असं, की सरकार काही करत नाही म्हणून लोकांना करावं लागतं. म्हणजे विश्वास जितका कमी तितकं दान जास्त. दुसरं याच्या उलट, की लोकांनी एकदा सरकारवर भरवसा ठेवला की ते हात आखडतात. कर भरलाय, आता त्यांचं ते बघतील. दोन्ही मतं एकच गोष्ट गृहीत धरतात. सरकार आणि दान जणू दोन सवती आहेत, एकीचं आलं की दुसरीचं जातं. मला हे मान्य नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर ते टिकतही नाही. माझं म्हणणं असं, की सरकारवर विश्वास नसलेला माणूसही देतो, भरपूर देतो. पण तो डोळ्यांना दिसेल एवढ्याच टप्प्यात देतो. ओळखीच्या माणसाला देतो, वस्तू देतो, आज देतो. अनोळखी माणसासाठी, दहा वर्षांनी उपयोगी पडेल असं काही द्यायचं तर मध्ये कुणीतरी विश्वासाचं लागतं. तो विश्वास बहुतेक वेळा कायद्याचा, नोंदीचा आणि तपासणीचा असतो. म्हणजे अखेर सरकारचाच असतो.

पूर आला की काय होतं ते पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात जे दिसलं तेच २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे दिसलं. मदतीच्या गाड्या हमरस्त्यालगतच्या गावात थांबतात. तिथं एकाच घराला दोन-तीनदा किट मिळतं आणि चार किलोमीटर आत, जिथं रस्ता खचलाय, तिथं काहीच पोचत नाही. जुन्या कपड्यांचे ढीग पडतात. पैसे न देता वस्तू देण्याचं कारण उघड आहे: वस्तू मधल्यामध्ये कमी होत नाही, आणि ती हातात पडताना देणाऱ्याला दिसते. या पुरात मदतीच्या किटवर नेत्यांची छायाचित्रं छापली गेली तेव्हा लोक चिडले. ते रास्त होतं. देणारा एक आणि चेहरा दुसऱ्याचा, असं झालं की पुढच्या वेळी देणारा अधिक सावध होतो. आणखी जवळ, आणखी हातोहात देतो.

या हातोहात देण्याला मी कमी लेखत नाही. पहिल्या तीन दिवसांत माणूस जगतो तो त्याच्यावरच. पण चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि रान दिसलं तेव्हा काय होतं? माती खरडून खाली खडक उघडा पडलेला. विहिरी गाळानं भरलेल्या. मोटारी, पाइपलाइन, ठिबकचा संच वाहून गेलेला. कुठल्या मंडळाची वर्गणी हे भरून काढणार? राज्य सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम, बाधित विहिरीला ३० हजार, अशी कलमं होती. ते पुरेसं होतं की नव्हतं, सगळ्यांना मिळालं की नाही, यावर भांडायला जागा आहे आणि भांडलंही पाहिजे. पण हा आकार सरकारशिवाय कुणाच्याही आवाक्यातला नाही. पंचनामा, सातबारा, खात्यावर रक्कम, या साखळीतली एकेक कडी सरकारी आहे. म्हणून सरकारवरचा विश्वास उडाला म्हणजे फक्त सरकारचं नुकसान होतं, असं नाही. ज्याची माती गेली त्याचं होतं.

या प्रश्नाची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्या शेजारची आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बहामनी राजवट, बीदरची राजधानी, आणि दामाजीपंत हे त्या सत्तेचे अधिकारी. दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून तडफडू लागले आणि पंतांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतं. ते वाटायची परवानगी त्यांना नव्हती. बादशहाचं बोलावणं आलं. पुढची कथा घराघरात माहीत आहे: विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बीदरला गेला आणि धान्याची किंमत दरबारात चुकती केली.

कीर्तनात आपण या कथेतली भक्ती ऐकतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. देवानं आकाशातून धान्य पाडलं नाही. देव रक्कम घेऊन गेला आणि दरबारात जमा करून आला. ज्यांनी ही कथा रचली आणि पिढ्यान्पिढ्या सांगितली, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की सरकारी कोठारातलं धान्य कितीही पुण्याच्या कामाला लागलं तरी त्याचा हिशेब पुरा झाला पाहिजे. हिशेब पुरा झाला नसता तर दामाजी संत ठरले असते, पण दुसरा कुणी दामाजी पुढं झाला नसता.

आणि याच कथेत आपली अडचणही आहे. आपल्या मनात चांगलं सरकार म्हणजे चांगला माणूस. एखादा कलेक्टर भला निघतो, एखादा तहसीलदार रात्री-अपरात्री गावात येतो, एखादी ग्रामसेविका जीव तोडून काम करते. त्यांच्यावर आपण जीव टाकतो. त्यांची बदली झाली की विश्वासही त्यांच्याबरोबर जातो. माणसावरचा विश्वास वहीवर उतरावा कसा, हा पाचशे वर्षांचा जुना प्रश्न आहे.

तो कसा उतरू शकतो याचं एक उदाहरण पंढरपुरात आहे. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर हे तिथले न्यायाधीश होते. कार्तिकी-आषाढीच्या गर्दीत, वाळवंटात, धर्मशाळांच्या आडोशाला टाकलेली अर्भकं सापडत. फसवल्या गेलेल्या विधवा आत्महत्येपर्यंत जात. लालशंकरांनी तिथं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला आणि अनाथ मुलांची रीघ लागली. संस्था मुंबईच्या प्रार्थना समाजानं चालवायला घेतली. नवरंगे बालकाश्रम या नावानं ती आजही ओळखली जाते. लालशंकर गुजराती होते, नोकरीनिमित्त आलेले, बदली होऊन जाणारे. ते गेले, संस्था राहिली. ती राहिली कारण तिची समिती होती, नोंदवही होती, वार्षिक अहवाल निघत होता, आणि मुंबईत बसलेल्या देणगीदाराला आपला पैसा चंद्रभागेकाठच्या कुठल्या मुलापर्यंत गेला हे कागदावर कळत होतं.

त्याच दुष्काळात पुण्याची सार्वजनिक सभा आपली माणसं गावोगाव पाठवून परिस्थिती लिहून काढत होती आणि ती सरकारपुढं मांडत होती. महात्मा फुल्यांनी आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. एक हात भाकरी देत होता, दुसरा सरकारला जाब विचारत होता. सरकारला जाब विचारणं म्हणजे सरकारवर अविश्वास, अशी एक समजूत आहे. मला वाटतं ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरली नाही त्याला आपण जाबही विचारत नाही.

आता मी ज्या उदाहरणावर थोडा जास्त वेळ थांबणार आहे ते तुमच्यातल्या ज्येष्ठांनी अंगावर काढलेलं आहे. बहात्तरचा दुष्काळ. मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या बाया, पाझर तलावाच्या भरावावर उन्हात टोपल्या वाहणारी अख्खी कुटुंबं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या पिढीनं पाहिलेली मोठी गोष्ट अशी, की इतका भयंकर दुष्काळ येऊनही पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसं भुकेनं रस्त्यावर पडली नाहीत. कारण काम मागणाऱ्याला काम मिळत गेलं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या विचाराला योजनेचं रूप दिलं. ती पहिल्यांदा त्यांच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात आजमावली गेली. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क देणारा असा कायदा देशात दुसऱ्या कुठल्या राज्यानं केला नव्हता. कायदा मंजूर झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी केंद्रानं याच धर्तीवर देशव्यापी कायदा केला.

हे सगळं शाळेच्या पुस्तकातही सापडेल. मला सांगायचं आहे ते पैशाविषयी. हमीचा पैसा आला कुठून? १९७५ साली महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, बँकवाल्याच्या पगारातून दरमहा कापला जाणारा कर. त्याच्या जोडीला विक्रीकरावर, मोटारींवर, बागायती जमिनीवरही अधिभार आले. आणि या करांतून जितकी रक्कम जमेल तितकीच राज्य सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असा नियम झाला. म्हणजे दादरच्या चाळीतला माणूस माढ्याच्या, सांगोल्याच्या मजुराची रोजी देत होता. दोघांची कधी गाठ पडणार नव्हती. दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक नव्हतं.

त्या कराविरुद्ध शहरं का पेटली नाहीत? याचं उत्तर मला असं दिसतं: दुष्काळाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत रोज येत होती, मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या अनेक माणसांची घरं दुष्काळी गावांतच होती, आणि पैसा कुठं जाणार हे कायद्यातच लिहिलेलं होतं. पैसा सर्वसाधारण तिजोरीत बुडून जाणार नव्हता. त्याला रोजगार हमी निधी असं वेगळं घर होतं. सक्तीनं घेतलेल्या कराला दानाच्या जवळ नेणारी गोष्ट ती हीच. देणाऱ्याला माहीत होतं, आपण कशासाठी देतोय.

आज तोच व्यवसाय कर पगारातून कापला जातो. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. या सभागृहात शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी बरेच आहेत. पगाराच्या पावतीवरची ती ओळ आपण सगळेच दर महिन्याला पाहतो. ती कशासाठी लागली, हे नव्या नोकरदारांपैकी किती जणांना कुणी सांगितलं आहे? मधल्या वर्षांत हमीच्या निधीत पैसा साठत गेला आणि कामं मात्र तेवढी निघाली नाहीत, हजेरीपटावर खोटी नावं लागली, हेही घडलं. पण मला जास्त दुःख याचं वाटतं, की देणारा आणि घेणारा यांच्यातला धागा तुटला आणि तो तुटल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. कर चालू राहिला. त्यातलं देणं संपलं.

आता सरकारचा पैसा आला की दान आटतं, या मताकडे वळतो. अर्थशास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केला आहे. दान थोडंफार आटतं, पण सरकारच्या एका रुपयामागे लोकांचा एक रुपया जातो असं कुठं फारसं दिसत नाही. जेम्स आंद्रेओनी आणि अबिगेल पेन या दोघांनी अमेरिकेतल्या संस्थांचे जमाखर्च तपासले, तेव्हा त्यांना एक नवीच गोष्ट आढळली. सरकारी अनुदान मिळाल्यावर दाते मागं सरतात त्यापेक्षा संस्थाच मागणं कमी करतात. दान घटतं ते मुख्यतः कुणी दारात येत नाही म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला बार्शी आणि सातारा आठवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आपल्या डॉ. मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ मध्ये बार्शीला शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ काढलं. बोर्डिंगातली मुलं जगवायला ही माणसं गावोगाव फिरली. सुगीत खळ्यावर गेली, पायलीपायलीनं ज्वारी मागितली. लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. १९४८ मध्ये मुंबई सरकारनं रयतचं अनुदान थांबवलं, कारण भाऊराव सरकारविरुद्ध बोलले. तेव्हा संस्था बंद पडायला हवी होती. पडली नाही. लोक धावून आले, आणि गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे भाऊरावांसाठी शब्द टाकला. अनुदान पुन्हा सुरू झालं.

या घटनेवरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात, की सरकारपेक्षा समाज मोठा. मी तसा काढत नाही. गाडगेबाबांनी लोकांना द्यायला सांगितलं, आणि तेच सरकारकडेही गेले. सरकारनं आपलं काम करावं, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. ज्या माणसानं स्वतःच्या नावावर एक खोली ठेवली नाही, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या संस्थेच्या हाती सोपवली, त्याला संस्था आणि सरकार यांच्याशी कसं वागावं ते चांगलं कळत होतं.

पुढं शिक्षकांचे पगार सरकार देऊ लागलं. ते योग्यच झालं. ज्वारीवर शिक्षक जगू शकत नाही. पण त्याबरोबर खळ्यावर जाणं थांबलं, आणि खळ्यावर जाणं थांबल्यावर गावाला हिशेब सांगणंही थांबलं. ज्याला शेतकऱ्यापुढं हात पसरायचा असतो त्याला शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरही द्यावं लागतं. अनुदानाचा हिशेब वर जातो, पुण्याला, मुंबईला. गावात येत नाही. अनेक शिक्षणसंस्था घराण्यांच्या मालकीच्या झाल्या, शिक्षकाच्या जागेला भाव फुटला, हे सगळं त्या थांबलेल्या फेरीनंतर झालं. मी हे कुणा एका संस्थेबद्दल बोलत नाही. ते सगळीकडे झालं आहे, आणि त्याची किंमत गरिबांच्या हुशार पोरांनी मोजली आहे.

याच्या उलट, सरकारनं मागितलं आणि लोकांनी आनंदानं दिलं, असंही आपण पाहिलं आहे. २०००-०१ साली ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. सरकारनं गावांना खर्चाला आधी पैसे दिले नाहीत. बक्षीस ठेवलं, निकष जाहीर केले आणि तपासणीला समिती पाठवली. गावांनी श्रमदानानं गटारं काढली, वर्गणीनं संडास बांधले, भिंती रंगवल्या. बक्षिसाच्या रकमेच्या कितीतरी पट काम गावांनी पदरमोड करून केलं. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ पासून पुन्हा तेच दिसलं. पहाटे कुदळ-फावडी घेऊन शहरातली माणसंसुद्धा चर खणायला आली. दोन्हीकडे निकष आधी सांगितलेले होते. मोजणी उघड होती. शेजारच्या गावाला किती गुण मिळाले आणि का, हे विचारता येत होतं. अशा जागी माणूस सरकारच्या बरोबरीनं देतो.

सगळ्यात शुद्ध उदाहरण रक्तदानाचं आहे. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकानं १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये रक्त स्वेच्छेनं, फुकट आणि सार्वजनिक आरोग्यसेवेला दिलं जातं. अमेरिकेत तेव्हा ते पुष्कळसं विकत घेतलं जाई. ब्रिटनचं रक्त जास्त सुरक्षित होतं, असं त्यानं मांडलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. तोवर रक्त विकून जगणारे लोक होते, आणि दात्याला आपल्या रक्ताचं पुढं काय होतं याची खात्री नव्हती. आज रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात पहिल्या क्रमांकावर आहे. शिवजयंतीला, गणपतीत, कुणाच्या पुण्यतिथीला आपण शिबिरं घेतो. ज्याला रक्त चढतं तो कोण, त्याची जात कोणती, त्यानं मत कुणाला दिलं, हे कुणी विचारत नाही. पिशवीवर क्रमांक असतो. विश्वास त्या क्रमांकावर आहे. तो क्रमांक कायद्यानं आला, आणि मगच एवढा मोठा समाज अनोळखी माणसाला रक्त द्यायला रांगेत उभा राहिला.

सरकारी नोकरीत असलेला माणूस आणि देणारा माणूस या दोन जाती आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेकडे पाहावं. तिथले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ते नऊ जण वेगवेगळ्या देशांतले होते.

आता गावाकडे येऊ. आपल्याकडे यात्रेची पट्टी निघते. घरटी ठरलेली रक्कम, ज्याला जास्त द्यायचं तो जास्त देतो. यात्रा झाली की दोन-चार दिवसांत मंदिरापुढं बैठक बसते आणि जमाखर्च वाचला जातो. छबिन्याला किती, तमाशाला किती, कुस्तीच्या इनामाला किती, शिल्लक किती. कुणीही उठून विचारतो. कधी भांडणं होतात, आवाज चढतात. पण पुढच्या वर्षी पट्टी पुन्हा निघते आणि भांडणाराही देतो. मला सरकारनं इथून शिकावंसं वाटतं. टनाला पंधरा रुपये कारखान्यांच्या नफ्यातून असोत की कुठूनही. त्याचा हिशेब कारखानानिहाय, तालुकानिहाय छापावा. कुठल्या गावातल्या किती विहिरींचा गाळ त्यातून निघाला, हे त्या गावच्या ग्रामसभेत वाचावं. हे करायला नवा कायदा लागत नाही. केंद्रात २०२० मध्ये पीएम केअर्स निधी निघाला आणि तो माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका घेतली गेली. कोट्यवधी सामान्य माणसांनी महामारीच्या भीतीत त्यात पैसे घातले होते. विचारण्याची वाट बंद करणं, हे माझ्या मते त्या निधीनं स्वतःचंच केलेलं नुकसान आहे.

आणि हीच अपेक्षा आपण आपल्या विश्वस्त संस्थांकडूनही ठेवली पाहिजे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानं प्रत्येक ट्रस्टला नोंदणी, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देणं बंधनकारक केलं. देवस्थान असो, शाळा असो, तालीम असो. पण कितीतरी ट्रस्टचे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात, मयत विश्वस्तांची नावं तशीच राहतात, आणि गावाला ते ठाऊकही नसतं. पुरात सरकारला हिशेब मागणाऱ्या आपण आपल्या देवळाच्या ट्रस्टचा लेखापरीक्षण अहवाल कधी मागितला आहे का? मागावा. नक्कल मिळते.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण इथून पुण्याला दवाखान्यात जाणारी माणसं रोज निघतात. पुण्या-मुंबईतली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत. त्यांना सरकारनं जमिनी, करसवलती दिल्या आहेत. म्हणजे तुम्ही-आम्ही दिल्या आहेत. कायद्यानुसार आणि उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या आहेत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार एवढं बरोबर ठेवा. भरती होताना काउंटरवर समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि धर्मादाय खाट मागा. अनामत रकमेसाठी अडवलं तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. तक्रारीची पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का घ्या. मोडनिंबच्या तरुणांनी अशा चार-पाच जणांची टोळी करावी, जी इथल्या रुग्णाबरोबर कागद घेऊन जाईल. त्यांच्या गाडीभाड्याची वर्गणी आज या सभागृहातच सुरू करता येईल, आणि पहिली पावती माझ्या नावानं फाडावी.